काळ्या दोऱ्यातली मासोळी

गोकुळा : टीव्हीले हात नको लावू. मेला तं मेला, जागेवर गुपचूप बसला हाय बिचारा. कोनाचं काई खाऊन नाई राह्यला.

रंजीता : तीन वर्षं झाली त्याले बंद पडून, माय. तू त्याच्यावर देव मांडले, देवामागं आरसा ठेवला, आरशाले दादाच्या दीपिकाच्या रिबिनी अडकवल्या. एखाद्याले वाटन, घर टीव्हीवरच उभं आहे.

गोकुळा : देवाले उंच जागा नको? बारा वर्षापासून एक फळी ठोकून मांगून राह्यली मी तुह्या बापाले.

उमाजी : ठोकतो म्हनलं ना.

गोकुळा : आयक. बोलतानी मान बी वर नाई केली. जाळं हातात असलं का या मानसाले घर पडलं तरी समजनार नाई.

रंजीता : गाडी बारा वाजता चावडीजवळ लागन, छोटा हत्ती. सगळ्या वार्डानं बंद पडलेलं बिजलीचं सामान देलं. लटारूकाकानं त्याचा रेडिओ देला, ज्याच्यापायी काकू रुसून माहेरी गेली होती, तोच. कमलाकाकूनं दोन चार्जर, एक इस्तरी अन् वायरचं हे एवढं भेंडोळं देलं. जाळून तांबं काढू म्हणून ठेवलं होतं तिनं. मी म्हटलं, काकू, तो धूर आधी तुमच्याच नाकात जाते. देऊन टाकलं बिचारीनं. अन् वरून मले विचारते, तुह्या मायनं काय देलं वं?

गोकुळा : देलं ना. तीन मोबाईल देले, एकाचं पोट फुगलं होतं तो बी देला. मच्छर मारायची रॅकेट देली. मिक्सरचं भांडं देलं.

रंजीता : भांडं स्टीलचं आहे, माय. ते या गाडीत नाई जात.

गोकुळा : मिक्सरच नाई राह्यला तं भांडं कोनाच्या जीवावर ठेवू?

उमाजी : भांडं राहू दे. मासोळी धरायच्या गऱ्या ठेवता येतीन त्यात.

गोकुळा : पाह्य. या घरात मेलेल्या वस्तूले मुक्ती नाई. फ्रिज मेला तं त्यात कोंबड्या बसवल्या. पंखा मेला तं त्याच्या जाळीवर मासोळी वाळू घातली. मी मेली का माह्यावर बी काई वाळू घालन हा मानूस.

रंजीता : बाबा, हात थांबवा घडीभर. गाडी बोलावली ते खरं, पण मी चामोर्शीवरून एवढ्या सकाळी गाडीसाठी नाई आली. काल संध्याकाळी गडचिरोलीले दवाखान्यात जाऊन आली मी. दीपिकापाशी.

उमाजी : कशी हाय पोर?

रंजीता : उठून बसली. अर्धं बिस्किट खाल्लं. वहिनी तिले भिंतीवरची चित्रं दाखवून राह्यली होती, हे काय, हे काय. चिमणी म्हणाली. बेंडूक म्हणाली. कासव नाई म्हणता आलं. नुसती पाहत राह्यली. दिवाळीत आली होती मी तं दिवसभर माह्यामागं कासव कासव करत फिरली होती ते.

गोकुळा : अंगात ताकत नाई तिच्या. ताकत आली का बोलन. चार वर्साचं लेकरू, त्याले किती विचारान?

रंजीता : नागपूरवरून रक्ताचा रिपोर्ट आला.

गोकुळा : मी म्हनलंच होतं, जंत हायेत. तिले गोड लय आवडते.

रंजीता : जंत नाई. रक्तात शिसं निघालं. पोट दुखणं, संडासले न होणं, तोंड पांढरं पडणं, चालता चालता पडणं, हे सगळं त्याच्यानं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी पोरीच्या पोटात शिसं जाऊन राह्यलं अन् ते एक दिवसाचं नाई, महिन्यांचं आहे. औषध देऊन ते काढतात. पण घरी आल्यावर परत गेलं तं औषधाचा काही उपेग नाई. मंग ते पोरगी कायमची मागं राहते. शाळेत बी, बोलण्यात बी.

उमाजी : कायमची?

रंजीता : तसं म्हणाले. आत्ताच धरलं तं सुधरन म्हणाले. म्हणून ते आधी हे विचारतात का शिसं आलं कुठून. समजल्याबिगर तिले घरी नेऊ नका म्हणाले. अन् वहिनीनं त्याच्या पुढची गोष्ट केली. घरात काय आहे हे कोणी छातीठोक सांगत नसन तं मी पोरगी घेऊन राजुऱ्याले माह्या मायकडे जातो म्हणाली. परवा सुट्टी होणार आहे.

उमाजी : राजुऱ्याले किती दिवस?

रंजीता : मी नाई विचारलं. तिच्या तोंडाकडे पाहून विचारायची हिंमत नाई झाली.

गोकुळा : जाऊ दे ना चार दिवस. मायच्या हातचं खाईन.

रंजीता : चार दिवसाची गोष्ट नाई, माय. तिनं पोरीचे सगळे कपडे मागवले. स्वेटर बी. अन् अंगणवाडीचं कार्ड.

गोकुळा : अंगनवाडीचं बी?

रंजीता : हो.

उमाजी : पिंटू काय म्हनते?

रंजीता : दादा माजरीवरून रात्री येणार आहे ड्यूटी करून. त्याले फोनवर नीट समजलंच नाई. त्याले वाटते कोळशाची धूळ त्याच्या कपड्यावरून घरी येते. रडून राह्यला होता तिथी खाणीच्या गेटवर.

उमाजी : असन बी. कोळसाच असन. त्याचे कपडे धुतलं का पानी कसं काळं होते.

रंजीता : तो महिन्यातून दोनदा येते, बाबा. अन् कोळसा वेगळा, शिसं वेगळं.

गोकुळा : हळद असन मंग. आजकालच्या हळदीत रंग टाकतात म्हनते. नाईतं अंगनवाडीच्या खिडक्याले तो पिवळा रंग मारला, तो.

रंजीता : अंगणवाडीत अठरा लेकरं आहेत. एकच काऊन बिमार पडली? माय, तू होती ना वहिनीसोबत पहिल्या दिवशी दवाखान्यात?

गोकुळा : होती. रातभर पोरीले मांडीवर घेऊन बसली होती.

रंजीता : वहिनी सांगते, डॉक्टरनं तेव्हाच विचारलं होतं. पोरीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या अन् विचारलं, घरी काही शिशाचं काम चालते का? जुन्या बॅटऱ्या वगैरे? वहिनी औषध आणायले गेली होती, नर्सनं तिले मंग सांगतलं. तू म्हणाली, नाई जी, आम्ही मासोळीवाले माणसं.

गोकुळा : मंग? मासोळीवालेच होये आपन.

रंजीता : माय.

गोकुळा : डॉक्टर इंग्रजीत बोल्ला. अर्धं समजलं, अर्धं नाई.

रंजीता : शिसं तं मराठीतच म्हणाले असतीन.

उमाजी : तुह्या मायची काऊन उलटतपासनी करून राह्यली? मले विचार.

रंजीता : तुम्हाले विचारतो मंग. जाळ्याले वजनासाठी लावायचे शिशाचे मणी कुठी वितळवता तुम्ही?

उमाजी : पाळीवर. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली. तू दोन वर्सापूर्वी सांगतलं तसंच. घराजवळ नको, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं बसा, पोरांले जवळ येऊ देऊ नका. सगळं ध्यानात हाय माह्या.

गोकुळा : पाळीवरच करतेत. मी डबा घेऊन जातो ना तिथी.

रंजीता : अन् पावसाळ्यात?

उमाजी : पावसाळ्यात कोन वितळवते.

रंजीता : जाळं तं पावसाळ्यातच लागते. पहिल्या पाण्यात सगळा वार्ड तुमच्या दारात उभा राहते, मणी ओवून द्या म्हणून.

उमाजी : आधी करून ठेवतो. उन्हाळ्यातच.

रंजीता : बरं.

गोकुळा : तुह्या बापाच्या हातच्या मन्याले तोड नाई वं. जाळं फेकलं का पान्यावर ताटावानी गोल पडते अन् सरळ खाली बसते. वार्डातला वारलू म्हने, उमाजीभाऊचं जाळं डोळे मिटून फेका. तूच तं तुह्या बापाचा फोटो काढला होता, जाळं फेकतानीचा. मोठ्ठा कागद केलता त्याचा. गावोगावच्या मिटिंगात लावायची. जुन्या बॅटरीचं सोनं झालं म्हनून सांगायची बायाले. मागच्या मिटिंगात नाई दिसला तो फोटो.

रंजीता : फाटला तो.

उमाजी : एवढा जाड कागद?

रंजीता : भिजला. फाटला. माय, मुंगन्याच्या शेंगाचं झाड काऊन वाळलं घरामागच्या वाडीतलं?

गोकुळा : कीड लागली.

रंजीता : मुंगन्याले?

गोकुळा : आजकाल कशाले बी लागते. तू चा घेशीन का? तुह्या गाडीची वेळ होऊन राह्यली.

रंजीता : माय, मी या बिजलीच्या भंगाराच्या कामात सहा वर्षं आहे. बॅटरी फोडून तिचं पाणी ज्या झाडाच्या बुडात ओतलं ते झाड कसं दिसते हे मले माहीत आहे. आधी एका बाजूच्या फांद्या जातात. आपलं झाड तसंच गेलं.

उमाजी : एकच डाव ओतलं. बाकी सगळं खड्ड्यात.

रंजीता : वाडीतल्या खड्ड्यात?

उमाजी : लांब हाय तो.

गोकुळा : हे काय चालवलं सकाळपासून? पोरगी बिमार पडली तं घरातल्या मानसाले चोर करून राह्यली तू. तुले शिसंच शोधायचं असन तं दुसरं शोध. त्या टीव्हीतच नसते का शिसं? तूच सांगतलं होतं मिटिंगात. जाड टीव्हीच्या काचात शिसं असते, फोडू नका. मी आयकलं हाय कानानं. तेच असन. पोरगी दिवसभर त्याच्यासमोर बसून आपलं तोंड पाह्यते काचात.

रंजीता : काचेत असते, खरं आहे. पण फुटल्याबिगर ते बाहेर नाई येत. बसू दे, चाटू दे, काही नाई होत.

गोकुळा : मंग फुटला असन मागून. आपल्याले काय दिसते?

रंजीता : फुटला असन?

गोकुळा : असन बी. उंदरं हायेत.

रंजीता : उंदरं काच नाई फोडत, माय. पण तू म्हणते तं पाहू. मागून नळी तडकली असली तं खरंच वाईट. मंग तर आजच गेला पाहिजे तो. बाबा, स्क्रूड्रायव्हर द्या तुमचा.

गोकुळा : नको. आता नको उघडू. देव हायेत वर.

रंजीता : देव उचलून खाटेवर ठेवतो. नीट ठेवतो, हळद-कुंकवासकट.

गोकुळा : आज सोमवार हाय.

रंजीता : सोमवारी देव हलवत नाई असं कोण म्हणाले?

गोकुळा : माही सासू.

उमाजी : माही माय तं दर सोमवारी देव धुवे.

गोकुळा : तुम्ही जाळं इना ना गुपचूप.

रंजीता : माय, हे चार स्क्रू ढिले कसे? तीन वर्षं टीव्ही बंद आहे अन् स्क्रूवर धूळ नाई.

गोकुळा : रंजी, आयक माह्यं. राहू दे. गाडीत जसाच्या तसा चढव. घेऊन जा. आत्ता घेऊन जा, मी काई नाई म्हनत. पन इथी नको उघडू.

रंजीता : दहा मिनिटापूर्वी तू याले हात नाई लावू देत होती.

(रंजीता टीव्हीचं मागचं झाकण काढून खाली ठेवते. उमाजीच्या हातातली जाळ्याची सुई थांबली आहे.)

रंजीता : लोखंडाची पळी. मण्याचा साचा. तमाखूचा डबा, मण्यांनी भरलेला. अन् आतला हिरवा पत्रा कुठी गेला, वायरी होत्या तो?

उमाजी : म्या काढला. जागा करायले. चुलीमागच्या खिडकीले फट होती, तिथी ठोकला.

रंजीता : चुलीमागच्या.

उमाजी : वारा येत होता. चूल इझे.

रंजीता : चूल म्हणजे कोणती चूल, बाबा? पाळीवर तं चुलीमागं खिडकी नाई.

उमाजी : पानी लय होतं या साली. पाळीवर जाळ टिके नाई. वारलू, हेमराज, सगळे दारात, तलाव भरला, जाळी द्या, जाळी द्या. तुही माय अन् सून दामिनी धानाच्या रोवन्याले जात सकाळीच. मी अन् पोर घरी. म्हनलं, एक डाव करून घेऊ. दार उघडं ठेवलं होतं मी.

रंजीता : एक डाव?

उमाजी : रोवना संपे तोवर.

रंजीता : म्हणजे महिनाभर. ज्या चुलीवर भात शिजते त्या चुलीवर. पोरगी कुठी होती तेव्हा?

उमाजी : माह्यापाशी. कुठी जाईन? तिले लय आवडे. मनी साच्यातून पडला का टन् वाजे, ते हासे. गरम मनी पान्यात टाकायचं काम तिचंच. मी ओवता ओवता दातानं मनी दाबतो ना दोरीवर, तं ते बी तसंच करे. म्या म्हनलं, आज्याचा हात आला हिच्या हाताले. पिंटूले नाई आला, तुले नाई आला, हिले आला.

रंजीता : दातानं.

उमाजी : माह्या बापानं बी दातानंच दाबले.

गोकुळा : तुमच्या बापाच्या टायमाले मातीचे मनी होते. तुमची माय भाजे, तलावाच्या चिकन मातीचे, बोरायेवढे. मले बी शिकवले होते. शिसं या घरात मी आल्यानंतर आलं, अन् तेही जरा जरा, गोळीयेवढं. एवढं ढिगानं तं या चार-पाच वर्सातच आलं. जवापासून ते…

उमाजी : गोकुळा.

गोकुळा : नाई बोलत.

रंजीता : इथी कोपऱ्यात एक चिंधी आहे. बांधलेली.

गोकुळा : ते राहू दे.

रंजीता : काळा दोरा आहे यात. अन् मासोळी. एवढीशी. डोळा बी काढला आहे तिचा.

उमाजी : अवं, हे तं दीपिकाची होये. हे तं हरवली होती. दवाखान्यात पडली म्हनली तू.

गोकुळा : पडली नाई. म्या काढली.

उमाजी : कवा?

गोकुळा : दवाखान्यात जायच्या सकाळी. ऑटो दारात होता. दामिनी पिशवी भरून राह्यली होती. म्हनलं, डॉक्टर गळ्यात दोरा ठेवू नाई देत. अन् काढून इथी टाकली. मिसरीचं बोट तिच्या हिरड्याले लावतानी मले दिसली होती एक निळी रेघ. तशीच रेघ तुमच्या बी हिरड्याले हाय, तुम्हाले नाई दिसत, मले दिसते. मी शिकली नाई, पन आंधळी नाई.

रंजीता : हे गळ्यात होती पोरीच्या? शिशाची?

उमाजी : नजरेले बांधली होती. साऱ्या लेकराच्या गळ्यात काई ना काई असते. ते म्हने, आजा, मले मासोळी कर. साचा नव्हता, म्या मातीत कोरली. चांदीवानी चमके. दामिनीनं बी हासून फोटो काढला होता.

रंजीता : अन् ते तोंडात घालत होती का?

गोकुळा : झोपली का तोंडातच. काढली का रडे. म्हने, आजी, गोड लागते.

रंजीता : तीन आठवडे झाले, माय. तीन आठवडे ते पोरगी तिथी सुया टोचून घेऊन राह्यली, डॉक्टर अंधारात दगड मारून राह्यले, अन् तू हे टीव्हीच्या पोटात ठेवून वरून देवाले फुलं वाहून राह्यली.

गोकुळा : हो.

रंजीता : काऊन?

गोकुळा : काऊन म्हंजे? त्या मानसाकडे पाह्य. पोरगी बिमार पडल्यापासून जेवन नाई करत धड. रात्री उठून तिच्या खाटेवर हात फिरवून पाह्यते. याले सांगू, तूच देलं म्हनून? मंग मले एक दवाखान्यात अन् एक तलावात, दोघं शोधा लागले असते. म्या म्हनलं, मासोळी काढली, आता होईन बरी. आता आत जाऊन नाई राह्यलं ना. गुपचूप बरी होईन अन् कोनाले समजनार नाई.

रंजीता : मासोळी काढली, पण चूल?

गोकुळा : चूल काय?

रंजीता : राख, माय. ज्या चुलीत शिसं सांडलं त्याची राख कुठी गेली?

गोकुळा : राख कुठी जाते? राखीनं…

रंजीता : बोल.

गोकुळा : राखीनं भांडे घासतो मी. तिची ताटली बी. तिची ताटली तं मी दोन दोन डाव घासतो, चमकली पायजे म्हनून. अगं माय वं.

उमाजी : तुले कसं माहीत राहीन ते.

गोकुळा : तुम्हाले बी कुठी माहीत होतं.

रंजीता : रडू नको आता. आयक. दोघं बी आयका. आज चूल पेटवायची नाई. चुलीची माती, राख, सगळं ओलं करून उचलायचं, झाडायचं नाई, धूळ उडते. मी गाडीतून जाड पिशव्या आणतो. पळी, साचा, मणी, हे सगळं बी त्यातच, बांधून. वाडीतला खड्डा पहावा लागन. कोंबड्या तिथी चरतात का?

गोकुळा : तिथंच चरतात.

रंजीता : मंग अंडी बी नको. अन् टीव्ही मी नेतो, नळी साबूत आहे त्याची. खिडकीचा पत्रा बी काढून द्या. हे सगळं नागपूरले जाईन, तिथी बंद भट्टी आहे, धूर बाहेर नाई येत, माणसं तोंड बांधून काम करतात. तिथीच फोडायचं असते ते. चुलीवर नाई.

उमाजी : अन् जाळी? साऱ्या वार्डात माहेच मनी हायेत. चाळीस जाळी असतीन. घराघरात दातानं दाबून राह्यले सगळे.

रंजीता : त्यायले बी सांगावं लागन.

उमाजी : काय सांगू? उमाजीनं तुमच्या घरात विष ओवून देलं?

गोकुळा : मातीचे मनी करू. मले येतात. हात इसरला असन, पन माती नाई इसरली. म्या करतो, तुम्ही ओवा.

उमाजी : माती हलकी राहते. जाळं तसं नाई बसत.

गोकुळा : नाई बसलं तं चार मासोळ्या कमी येतीन.

उमाजी : …दामिनीले फोन लाव, रंजी.

रंजीता : आत्ता?

उमाजी : आत्ता. ते कपडे मागवून राह्यली. रात्री पिंटू येईन अन् कोळशापायी स्वतःवर घेईन. त्याच्या आधी लाव. मी बोलतो. मासोळी म्या केली, चूल म्या पेटवली. तुह्या मायचं नाव नाई घेनार मी, डॉक्टरशी खोटं बोल्ली ते.

गोकुळा : घ्या. घ्या ना. आता काय लपवता.

रंजीता : घंटी वाजून राह्यली. घ्या.

उमाजी : दामिनी? मी बोलतो बाई, दीपिकाचा आजा. पोर झोपली का? बरं. उठवू नको. आयक. डॉक्टरले सांग, शिसं घरातलंच होये. मनी वितळवत होतो मी, चुलीवर, रोवन्याच्या टायमाले. पोर माह्यापाशीच होती. अन् ते मासोळी, गळ्यातली, ते चांदीची नाई, बाई. शिशाची होये. म्या केली. … हो. … हो, म्याच. … नाई, कोनाले माहीत नव्हतं.

गोकुळा : मले माहीत होतं म्हना.

उमाजी : तुही सासू म्हनते, तिले माहीत होतं. भेवून नाई बोल्ली. … शिव्या दे, बाई. मी आयकतो. … रडू नको. तू राजुऱ्याले ने पोरीले. चूल उकरून टाकतो मी, घर धुतो, तू म्हनशीन तवा आन. नाई म्हनशीन तं नको आनू. … काय? … शिसं कुठून आलं म्हंजे? … असंच. बजारातून. चामोर्शीच्या बजारातून, एका भंगारवाल्यापासून. … नाव नाई ध्यानात त्याचं. जुना मानूस होता तो, आता येत बी नाई.

रंजीता : बाबा, फोन इकडे द्या.

उमाजी : राहू दे, रंजी. माह्यं बोलनं चालू हाय.

गोकुळा : बोलू दे त्याहिले. तू गाडीकडे जा. बारा वाजले.

रंजीता : द्या म्हटलं ना.

उमाजी : तुह्या कामाचा सवाल हाय, पोरी. साऱ्या तालुक्यात तुह्या शब्दावर लोकं सामान देतात.

रंजीता : म्हणूनच द्या. … वहिनी, मी रंजीता. बाजारातून नाई आलं ते. चार-पाच वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, त्याच्या चार बॅटऱ्या नागपूरच्या गाडीत चढवायले माह्याकडे आल्या होत्या. त्या मी मण्यांसाठी बाबाले देल्या.